मुलाच्या गुडघ्याखाली टेंगूळ आलंय, कबड्डी बंद करू का?

नंदगडकर
नमस्कार मंडळी. धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा 13 वर्षांचा, आठवीत, कबड्डीत रेडर, शिवाय लांब उडी आणि 400 मीटर. गेल्या दिवाळीपासून चार बोटं तरी उंच झालाय, जुन्या पँटी सगळ्या घोट्याच्या वर. दोन महिने झाले, उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या खाली हाडासारखं टणक टेंगूळ आलंय, नुसतं बोट लावलं तरी ओरडतो. जिना उतरताना, उकिडवं बसताना दुखतं, पळताना म्हणे गरम झाल्यावर दुखत नाही, पण घरी आल्यावर लंगडतो. शाळेतले सर म्हणतात पळून पळून मोकळं होईल, माझी आई रोज रात्री तेल कोमट करून टेंगळावरच जोर लावून चोळते, शेजारचे म्हणतात हाड बसवणाऱ्याकडं न्या, बायको म्हणते कबड्डीच बंद. आणि पुढच्या महिन्यात तालुका लेव्हल. काय करावं कळेना झालंय.

लाल_माती
पैलवानकी केलेला माणूस म्हणून सांगतो, दुखणं अंगावर काढू देऊ नका. आमच्या वेळी वस्तादांना सांगायची सोय नव्हती, सांगितलं तर शंभर बैठका वाढायच्या. सोळाव्या वर्षी येळ्ळूरच्या मैदानात माझा गुडघा आतल्या आत कट्ट वाजला, तसाच क्रेप बँडेज गुंडाळून पुढं दोन सीझन लढलो. आता वय 47, पंगतीला पाटावर बसता येत नाही, लग्नात मला आणि म्हाताऱ्यांना टेबल लावतात. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, पण पुढच्या ऑलिम्पिकच्या आधी गुडघ्यानंच अडवलं त्यांना. तिथं आमची काय कथा.

चिकोडी_एक्सप्रेस
वाढत्या वयात दुखतंच की ओ थोडंफार. आमच्या पोराचं पण दुखायचं, आपोआप गेलं.

फिजिओताई
मी बेळगावात टिळकवाडीत फिजिओथेरपिस्ट आहे. इथनं बघून निदान होत नाही हे आधी सांगते, पण वर्णनावरून ऑसगूड-श्लॅटर वाटतंय. नाव ऐकून घाबरू नका, 1903 मध्ये बॉस्टनच्या ऑसगूड आणि झुरिकच्या श्लॅटर या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं लिहिलं म्हणून दोघांचं नाव लागलं एवढंच. खेळणाऱ्या मुलांत लई कॉमन आहे, मुलग्यांना साधारण 12 ते 15 आणि मुलींना थोडं आधी होतं.

होतं काय की मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याला चिकटतो. मोठ्या माणसात तो उंचवटा पक्का हाडाचा असतो, या वयात तिथं अजून कूर्चा असते, मऊ. ओल्या मातीच्या भिंतीत खुंटी ठोकली आणि तिला रेडकू बांधलं तर काय होईल? खुंटी लगेच निघणार नाही, पण रेडकू दर खेपेला हिसका देणार आणि भिंत खुंटीभोवती उकलत जाणार. रेड टाकणं, उडी, स्प्रिंट, बैठका हे सगळे हिसके. भिंत वाळेपर्यंत रेडकाला आवरायचं, खुंटी उपटायची नाही. म्हणजे कबड्डी कायमची बंद करायची गरज सहसा पडत नाही, आणि "पळून मोकळं होतं" हे तर साफ चूक. आणि आजींना सांगा टेंगळावर चोळू नका, आधीच सुजलेली जागा आहे ती.

आता मला चार गोष्टी सांगा. रात्री झोपेतनं उठवतं का, ताप किंवा वजन कमी, अख्खा गुडघा फुगलाय का नुसतं टेंगूळ, आणि गुडघा मधेच अडकतो का? यातलं काहीही असेल तर हा धागा सोडा आणि सरळ ऑर्थोपेडिककडं जा.

नंदगडकर
रात्री उठत नाही, ताप नाही, गुडघा फुगलेला नाही, अडकत पण नाही. नुसतं टेंगूळच. थोडा जीवात जीव आला.

फिजिओताई
बरं. आता आठवड्याला एकूण किती तास खेळतो ते मांडून बघा. सगळं धरा, शाळा, मंडळ, सकाळचं पळणं.

नंदगडकर
काल रात्री वहीवर मांडलं आणि मलाच धक्का बसला. शाळेत रोज तासभर म्हणजे 6, गावातल्या मंडळात संध्याकाळी दीड तास पाच दिवस म्हणजे साडेसात, आणि सकाळी भरतीच्या पोरांबरोबर डांबरीवर पळायला जातो चार दिवस, ते 3. साडेसोळा झाले, रविवारच्या टूर्नामेंट सोडून. शाळेच्या सरांना मंडळाचं माहीत नाही, मंडळवाल्यांना सकाळचं माहीत नाही, आणि मला वाटायचं पोरगं मेहनती आहे.

फिजिओताई
हेच म्हणायचं होतं मला. साधा हिशेब असा लक्षात ठेवा की आठवड्याचे खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, 13 वर्षांच्याला 13 च्या आत. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि एकाच खेळातनं वर्षाला मिळून दोन-तीन महिने बाहेर. त्या महिन्यांत सायकल चालवू दे, पोहू दे, काहीही करू दे, तेच तेच हिसके नकोत.

तुमच्या पोराचं आधी डांबरीवरचं पळणं आणि लांब उडी थांबवा. कबड्डीत कोपऱ्यात पकडीला उभं राहू दे, रेड कमी. दुखणं शून्य ते दहामध्ये किती ते त्यालाच रोज विचारा. खेळताना तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पहिल्यासारखं असेल तर चालतंय, चार-पाच व्हायला लागलं किंवा लंगडायला लागला तर त्या दिवशी बंद. खेळून आल्यावर कापडात गुंडाळून 15 मिनिटं बर्फ, उघड्या कातडीवर नको. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अर्धवट बसून 30-40 सेकंद थांबणं, पाय सरळ ठेवून उचलणं, मांडीचं मागचं-पुढचं स्ट्रेचिंग. गोळी खाऊन मॅचला उतरवू नका, दुखणं दबतं आणि पोराला कळत नाही कुठं थांबायचं. आणि त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर घेऊ नका.

वेळ लागतो हं, काही महिने, कधी दीड-दोन वर्षं येत जात राहतं, उंची वाढायची थांबली की जातं. टेंगूळ मात्र आयुष्यभर राहू शकतं, त्याचा सहसा त्रास नसतो.

कंग्राळीचा_किरण
ताई मी भरतीची तयारी करतोय, वय 18. 1.6 किमी चा टाइम काढायला रोज सकाळी डांबरीवर पळतो. नडगी आतल्या बाजूनं दुखालीय तीन आठवडे. एक्सरे काढला, नॉर्मल आला. म्हणजे पळू ना?

फिजिओताई
थांब रे. एका बोटानं नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली दाबत ये. वीतभर पट्ट्यात सगळीकडं थोडं थोडं दुखतंय की एकाच जागी, रुपयाएवढ्या जागेत, जीव जातोय? पट्ट्यात असेल तर शिन स्प्लिंट, पळणं कमी करून, माती-गवतावर आणून, बूट बदलून आवरतं. एकाच जागी असेल, एका पायावर उडी मारली की तिथंच कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही. त्यामुळे एक्सरे नॉर्मल म्हणजे पाय नॉर्मल असं नाही.

कंग्राळीचा_किरण
एकाच जागी 😐

फिजिओताई
मग आजपासून पळणं बंद आणि डॉक्टरकडं परत जा, एमआरआय लागेल का विचार. दोन महिने आत्ता गेले तर पुढची रॅली मिळेल. हाड पुरतं मोडलं तर ते पण नाही.

चंदगड_बॉर्डर
सगळ्यांनी डॉक्टर डॉक्टर लावलंय पण खेड्यातनं बेळगावला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एक्सरे, एमआरआय, परत बोलावणं. आमच्याकडं हाड बसवणारे तीन पिढ्यांचे आहेत, लेप लावतात, शे-दोनशेत काम होतं. माझा खांदा त्यांनीच बसवला. उगीच नावं ठेवू नका.

उचगावकर
नावं ठेवत नाही दादा, डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. माझा मावसभाऊ, 11 वर्षांचा, खो-खोत पडला, मनगटाच्या वर हात वाकडा. गावातल्या एकानं ओढून सरळ केला, लेप, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर करकचून फडकं. रात्री पोरगं रडत होतं तर सगळे म्हणाले हाड बसतंय म्हणून दुखतंय. सकाळी मी गेलो तेव्हा त्यानं बोटं पुढं केली, वांगी रंगाची झाली होती, आणि मधलं बोट मी नुसतं सरळ करायला गेलो तर किंचाळला. नखावर दाबलं तर पांढरं व्हायचं आणि लाल यायचंच नाही. मी तिथंच कात्रीनं फडकं कापलं. घरचे माझ्यावर ओरडले, हाड निसटलं म्हणून. हॉस्पिटलात ऑपरेशन करून हाताचा आतला दाब मोकळा करावा लागला. हात वाचला, पण दोन बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत. पेन धरतो, बॅट धरत नाही.

फिजिओताई
कापलंत ते बरोबर केलंत. घट्ट बांधल्यावर आत सूज वाढते, रक्त पुढं जात नाही, स्नायू काही तासांत मरायला लागतात. हे प्लास्टरनं पण होऊ शकतं, म्हणून डॉक्टरचं असो का वैद्याचं असो, दुखणं वाढत चाललंय, बोटं गार, निळी, बधिर, आणि बोट सरळ केल्यावर कळ, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. बोटं कायम उघडी ठेवायची, बघता आली पाहिजेत. चंदगडवाले, तुमचं पैशाचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. मुरगळल्यावर लेप लावला तर कुणी मरत नाही. पण लहान मुलाच्या हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते, तिथं मोडलं आणि वाकडं जुळलं तर तो हात पुढं वाकडाच वाढतो. आधी एक एक्सरे, मग काय लावायचं ते लावा.

चंदगड_बॉर्डर
एक्सरेपर्यंत मान्य.

दोघींची_आई
माझा पण प्रश्न घ्या. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या एशियन गेम्समध्ये कुराश या कुस्तीसारख्या खेळात ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या घरात मुलींनी खेळावं की नाही हा वाद मिटला 😄 मोठी 15 ची, थ्रोबॉल आणि खो-खो. पावसात मैदान म्हणजे नुसता चिखल, डावा घोटा एका वर्षात तीनदा मुरगळला. दर वेळी आठ दिवस गरम पाण्यानं शेकतो, बरं होतं, परत तेच. आणि अजून एक, कुणाला विचारावं कळत नव्हतं, वजन उतरवायचं म्हणून ती रात्रीची भाकरी सोडते आणि चार महिने पाळी आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात खेळाडूंना असं होतंच.

फिजिओताई
दुसरं आधी. होतंच असं नाही, आणि चार महिने हे नॉर्मल अजिबात नाही. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि त्याच्यापाठोपाठ हाडं कमकुवत व्हायला लागतात, ज्या वयात ती भरायला पाहिजेत त्याच वयात. स्त्रीरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. आणि भाकरी चालू करा, नाचणीची असली तर उत्तम.

घोट्याचं असं, मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस शेक नको आणि चोळणं पण नको. पाय वर, हलकं दाबून बँडेज, बर्फ दुखणं कमी करायला. बर्फाचं पूर्वी लई स्तोम होतं, 1978 मध्ये ज्या डॉक्टर मर्किननी विश्रांती-बर्फ-दाब-पाय वर हे सूत्र काढलं त्यांनीच नंतर म्हटलं की बर्फानं भरून यायला उशीर होऊ शकतो. म्हणून दुखणं थांबण्यापुरता, दिवसभर नाही. चार पावलं पण टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्सरे.

परत परत मुरगळतो कारण सूज उतरली की आपण बरं झालं म्हणतो, पण घोट्याचा तोल परत आलेला नसतो. रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, दोन मिनिटं, जमलं की डोळे मिटून. हसू नका, हेच औषध आहे, दीड-दोन महिने करायला लावा.

आणि मुलींच्या गुडघ्याचं पण बघा. वयात आल्यावर गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटायचा धोका मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त असतो, आणि बहुतेक वेळा कुणी धक्का न देता, उडी मारून उतरताना किंवा वळताना तुटतो. उतरताना गुडघे आत एकमेकांकडं झुकतात का तेवढं मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा. फिफाचा 11 प्लस नावाचा वॉर्मअप आहे, 20 मिनिटांचा, साहित्य काही लागत नाही. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या मुलींच्या फुटबॉल टीमवर अभ्यास झाला, 2008 ला छापून आला, गंभीर दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झाल्या. फुटबॉलसाठी आहे पण थ्रोबॉल, कबड्डीला पण उपयोग होतो.

पीटी_मास्तर
वाचत होतो, आता राहवेना. पीटी सरांच्या नावानं खडे फोडणं सोपं आहे ओ. माझ्या शाळेत मी एकटा, मैदान पावसाळ्यात भाताचा मळा, आणि तालुका लेव्हलला एका दिवसात तीन-तीन मॅचेस, सकाळी फर्स्ट राउंड संध्याकाळी फायनल. पालकच येऊन म्हणतात, सर, गोळी देऊन खेळवा, सर्टिफिकेटचा प्रश्न आहे. त्यांना काय सांगू?

तरी गेल्या वर्षीपासून ते 11 प्लस करतोय. पहिले दोन आठवडे पोरं एकमेकांकडं बघून फिदीफिदी हसायची, गुडघ्यावर बसून पुढं झुकायचा तो नॉर्डिक प्रकार आहे त्यात तर धपाधप तोंडावर पडायची. मग मी वेळ लावून कॅप्टनची जबाबदारी केली, तेव्हापासून सुरळीत. आमच्या शाळेपुरतं सांगतो, यंदा मांडीची शीर धरली म्हणून बसलेलं पोर एकही नाही. आकडेबिकडे माझ्याकडं नाहीत.

एक चूक माझी पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी खो-खोत एक पोरगा खुंटावर डोक्यानं आपटला, मिनिटभर सुन्न, मग उठून म्हणाला सर मी बरा आहे. मी पाणी मारलं आणि परत उतरवला. त्याला आपण कुठल्या बाजूचे ते आठवत नव्हतं, मला वाटलं थट्टा करतोय. परत येताना टेम्पोत तीनदा ओकला. नशीब चांगलं, सगळं ठीक निघालं, पण त्या टेम्पोचा वास मला अजून येतो.

फिजिओताई
सर, लिहिलंत ते फार बरं झालं. डोक्याला मार लागून क्षणभर जरी गोंधळला तरी त्या दिवशी परत मैदानात नाही, म्हणजे नाहीच. ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळलेपण, झटका असेल तर थेट हॉस्पिटल. एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, आधी शाळेत नीट बसता यायला पाहिजे, मग हलकं चालणं, मग पळणं, अंगाला अंग लागणारा खेळ सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

सांबरेकर
एक सांगायचं राहिलं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. भाचा 12 वर्षांचा, अंगानं जाड, क्रिकेटला जायचा. गुडघा दुखतो म्हणून दोन महिने गुडघ्यालाच मलम, गुडघ्याचाच एक्सरे, काही निघेना. मग दुसऱ्या डॉक्टरनी त्याला नुसतं वऱ्हांड्यात चालायला लावलं, पाऊल बाहेर फिरवून टाकत होता, आमच्या कुणाच्या लक्षात नव्हतं. म्हणाले खुब्याचा एक्सरे काढा. खुब्याच्या हाडाचा गोळा वाढीच्या पट्टीवरनं सरकला होता. त्याच दिवशी पाय टेकायचा बंद, आणि स्क्रू घालून ऑपरेशन.

फिजिओताई
अगदी. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. 10 ते 15 च्या मुलाचा गुडघा दुखतोय आणि गुडघ्यात काही सापडत नाही तर खुबा बघितलाच पाहिजे. नंदगडकर, तुम्ही पण डॉक्टरना दोन्ही बघायला सांगा.

लाल_माती
पोरांचे कान पण बघत जा. कुस्तीत कान फुगला की लगेच दाखवायचा, आतलं रक्त काढून दाबून बांधलं तर कान वाचतो, नाहीतर माझ्यासारखी फुलकोबी. पूर्वी तो मान होता, आता मोबाइलचं हेडफोन बसत नाही.

नंदगडकर
सहा आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. बेळगावला ऑर्थोपेडिकना दाखवलं, गुडघा आणि खुबा दोन्ही बघितले, खुबा व्यवस्थित, गुडघ्याचं ताईंनी सांगितलं तेच नाव. शाळेचे सर आणि मंडळाचा कोच, दोघांना एका चहाच्या टपरीवर बसवलं आणि वहीवरचे तास दाखवले. दोघांना एकमेकांचं माहीतच नव्हतं. आता आठवड्याला नऊ तास, मंगळवार आणि रविवार पूर्ण सुट्टी.

तालुका लेव्हलला तो खेळला नाही. आदल्या रात्री बोलला नाही माझ्याशी. सरांनी त्याला बाजूला बसवून स्कोअर लिहायला दिला, तर पठ्ठ्यानं समोरच्या टीमचा कुठला रेडर कुठल्या पायावर वळतो ते पण लिहून ठेवलं. सेमीफायनलला हरले. कपाटाच्या दारावर आतनं खडूनं रोजचा आकडा लिहितो, सुरुवातीला 6, 5, 6 होता, आता बरेच दिवस 2 आहे, मधे एक 4 आहे, त्या दिवशी मित्राच्या वाढदिवसाला गुपचूप रेड टाकून आला होता, विचारलं तर आकडा खोटा लिहायचा नाही म्हणाला.

टेंगूळ आहे तसंच आहे. आई अजून रोज रात्री तेलाची वाटी घेऊन बसते, तिला आता पोटरी आणि पावलं दिलीत चोळायला.

लाल_माती
काकूंना विचारून ठेवा, 47 वर्षांची पोटरी चालेल काय म्हणून.